स्टँप, स्टेशन, स्टँड: नरडाण्यातला क्रम

इंग्रजी-मराठी कोश उघडला की एस आणि टी या दोन अक्षरांनी सुरू होणारी नामे एकापाठोपाठ येतात. स्टँप, मग स्टँड, मग स्टेशन. कोशकार मोल्सवर्थने आखलेले काम थॉमस कँडीने पुरे केले आणि 1847 मध्ये तो इंग्रजी-मराठी कोश छापला. तेव्हापासून आजच्या शाळकरी कोशापर्यंत मांडणी हीच आहे. शब्द सापडायला ती सोयीची खरी, पण तिने एक समजूतही रुजवली: इंग्रजी नामे मराठीत एकगठ्ठा आली आणि येताना आपला सगळा अर्थ घेऊन आली. धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातले नरडाणा या समजुतीला पुरते खोटे पाडते. सुरत-भुसावळ लोहमार्ग आणि मुंबई-आग्रा रोड यांची गाठ इथे पडते, त्यामुळे ही तिन्ही नामे या गावाच्या रोजच्या तोंडात आहेत. मात्र ती इथे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या व्यवस्थांचे बोट धरून आली आणि प्रत्येकाने आपापल्या व्यवस्थेपुरताच अर्थ ठेवून घेतला.

सर्वांत आधी आला स्टँप. 1818 मध्ये खानदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला, 1827 च्या एल्फिन्स्टन संहितेने मुंबई इलाख्यात कोर्टकचेरीची नवी घडी बसली, आणि कर्जरोखा असो की खरेदीखत, सरकारी छापाच्या कागदाशिवाय त्याला वजन उरले नाही. पुढे 1899 च्या मुद्रांक कायद्याने ही व्यवस्था देशभर पक्की केली. इंग्रजीत या एका नामाचे किमान तीन अर्थ रोजच्या वापरात आहेत: छापाचा कागद, टपालाचे तिकीट आणि कचेरीचा शिक्का. खानदेशी शेतकऱ्याने त्यांतला पहिलाच उचलला. शिक्का हा शब्द त्याच्याकडे मोगलाई-मराठेशाहीपासून होता, तो बदलायचे कारणच नव्हते. टपालाच्या चिकटवायच्या कागदाला त्याने तिकीट म्हटले, म्हणजे त्या जागी दुसरेच इंग्रजी नाम बसवले. उरला तो सावकाराच्या ओटीवर अंगठा उठवून घेणारा कागद. त्याला मात्र स्टँप हेच नाव मिळाले आणि ते किमतीसकट रुळले. 'शंभराचा स्टँप' म्हटले की पुढे काही सांगावे लागत नसे; 2024 मध्ये राज्य सरकारने किमान मुद्रांक पाचशेचा केला, तेव्हा बोलण्यातला आकडा बदलला, शब्द जागेवर राहिला.

स्टेशन त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले. कँडीचा कोश निघाला तेव्हा हिंदुस्थानात प्रवासी रेल्वे नव्हती. ती 1853 ची. साहेबांच्या बोलण्यात तेव्हा स्टेशन म्हणजे अंमलदारांच्या मुक्कामाचे ठिकाण, आणि त्या अर्थाने धुळे हेही एक स्टेशनच होते. धुळ्याच्या आसपासच्या कुणब्याने तो अर्थ कधी तोंडी घेतला नाही. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची मुख्य वाट 1860 च्या दशकात चाळीसगाव-जळगाव-भुसावळवरून गेली, पण तापीकाठचा पश्चिम खानदेश कोरडाच राहिला. सुरतेहून निघालेली ताप्ती व्हॅली रेल्वे एकोणिसावे शतक संपता संपता अमळनेरला भिडली. ती किलिक निक्सन या पेढीच्या व्यवस्थापनाखालची खासगी कंपनीची रेल्वे होती आणि कापूस ही तिची भूक होती. तेव्हा कुठे नरडाण्याला स्टेशन, म्हणजे लोकांचे 'टेसन', मिळाले. आजही नुसते स्टेशन म्हटले तर अर्थ एकच. दुसरा अर्थ हवा असेल तर आधी विशेषण जोडावे लागते, पोलीस स्टेशन किंवा हिल स्टेशन असे. पोलिसांचे जुने 'ठाणे' तर अजूनही कागदोपत्री आणि बोलण्यातही जिवंत आहे.

स्टँड सर्वांत धाकटा. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि पुढच्या वर्षांत ती व्यवस्था जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. गावाला वेळापत्रक, कंट्रोलर आणि फलाट यांची जागा मिळाली, ती स्टँड. सरकारी पाटीवर 'बसस्थानक' लिहिलेले असते. ते वाचतच माणूस म्हणतो, स्टँडवर उतरवा.

इथे भाषेचा अभ्यासक एक रास्त आक्षेप घेईल. स्टेशन आणि स्टँड यांचे मूळ एकच, ते आपल्या 'स्था' धातूचे सख्खे नातलग, आणि ठाणे, स्थानक हेही त्याच घरचे; मग आद्याक्षरांचे साम्य वरवरचे कसे? नाते खरे आहे. पण स्टँप त्या कुळातला नाही, तो ठेचणे-तुडवणे या अर्थाच्या जर्मानिक धातूचा. याच अक्षरांनी सुरू होणाऱ्या 'स्टॉप'ची व्युत्पत्तीही भोक बुजवायच्या बोळ्याशी, लॅटिनमधल्या तंतूंच्या नावाशी जाऊन पोचते. म्हणजे अक्षरे सारखी असूनही कुळे वेगळी निघतात. आणि जिथे कुळ एक आहे तिथेही त्या नात्याने कुणाला अर्थ कळलेला नाही. गाडी आली, तिकीट फाडले, मग शब्द कळला.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. टांग्यांचा, बैलगाड्यांचा अड्डा आपल्याकडे होताच, मग स्टँड कशाला? माझ्या मते अड्ड्यावरची गाडी भरली की निघते, स्टँडवरची वेळ झाली की. लोकांनी हा फरक ओळखला आणि नव्या शिस्तीला नवे नाव दिले. रिक्षा स्टँड हे उदाहरण या स्पष्टीकरणात बसत नाही, हे मान्य करायला हवे. रिक्षाही भरल्यावरच निघते. तिथे केवळ अनुकरण झाले. आणि हे सगळे महाराष्ट्रभर असेच झाले असेल, असे कुणी म्हटले तर क्रमाकडे बोट दाखवावे लागेल. मुंबई-ठाण्याला स्टेशन 1853 लाच मिळाले, नरडाण्याला स्टँप आणि स्टेशन यांत काही पिढ्यांचे अंतर पडले.

व्यवस्थेपुरताच अर्थ ठेवण्याचा हा नियम पुढे नुसत्या दोन अक्षरांनाही लागू झाला. स्टेट ट्रान्सपोर्टची आद्याक्षरे म्हणजे एसटी, खेड्यातली 'यष्टी'. पण 6 सप्टेंबर 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जमातींची यादी निघाली आणि त्याच दोन इंग्रजी अक्षरांना दुसरे घर मिळाले. भिल्ल, पावरा, कोकणा यांची वस्ती असलेल्या या जिल्ह्यात, जिथे साक्री आणि शिरपूर हे विधानसभा मतदारसंघ जमातींसाठी राखीव आहेत, हा दुसरा अर्थ बसइतकाच रोजचा आहे. 'एसटीनं आला' आणि 'एसटीतून निवडून आला' यांत कुणाचा गोंधळ होत नाही. पहिल्या एसटीला तिकीट पुरते. दुसरीला आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरची, महसुली दप्तरातली 1950 पूर्वीची नोंद बहुधा लागते, आणि ज्यांचे पूर्वज शाळेची पायरी चढलेच नाहीत, त्यांना ती जमातीचा दाखला तपासणाऱ्या समितीपुढे ठेवणे फार जड जाते.