हलक्या स्पोर्ट्स मोटारीची चाके : मोठी नव्हे, योग्य

चाक जितके मोठे तितकी मोटार रुबाबदार, असा समज बाजारात रूढ आहे. अवजड मोटारींच्या बाबतीत तो काही अंशी खपूनही जातो. परंतु सुमारे एक टन किंवा त्याहूनही कमी वजनाच्या दोन आसनी स्पोर्ट्स मोटारीत चाकाचा एखादा जादा इंचही वळणावर आणि ब्रेक लावताना जाणवतो. त्यामुळे अशा मोटारीसाठी चाके व टायर निवडताना देखणेपणापेक्षा गणिताला अधिक महत्त्व द्यावे लागते.

आकड्यांचा अर्थ

जपानच्या माझदा कंपनीने १९८९ मध्ये आणलेल्या पहिल्या एमएक्स-५ या मोटारीला १८५/६० आर १४ मापाचे टायर होते. यातील १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६० हे बाजूच्या भिंतीच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, 'आर' म्हणजे रेडियल रचना आणि १४ हा रिमचा इंचातील व्यास. या टायरचा एकूण व्यास सुमारे ५७८ मिलिमीटर भरतो. त्याजागी १९५/५० आर १५ बसविल्यास तो ५७६ होतो. म्हणजे फरक नगण्य. दुसऱ्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये कंपनीनेच हे माप वापरले. मात्र २०५/४० आर १७ बसविल्यास व्यास ५९६ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे सुमारे तीन टक्क्यांनी वाढतो. परिणामी गिअर लांबतात, प्रवेग मंदावतो आणि स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो.

वजन हा दुसरा मुद्दा. चाक व टायर यांचा भार स्प्रिंगच्या खाली असतो. तो वाढला की खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीला चिकटून राहणे अवघड होते. शिवाय फिरणाऱ्या चाकात वजन केंद्रापासून जितके दूर, तितका ते फिरवण्यास व थांबवण्यास अधिक जोर लागतो. हा परिणाम अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ब्रेकची डिस्क व कॅलिपर ज्यात मावतील असे लहानात लहान चाक निवडावे, हा नियम त्यामुळेच पडला. बोल्टमधील अंतर, रिमची रुंदी आणि ऑफसेट जुळणेही आवश्यक असते.

रुंदीचा मोह

टायर रुंद केला की पकड त्याच प्रमाणात वाढते, हाही गैरसमजच. टायर जमिनीला किती क्षेत्रात टेकतो हे मुख्यतः त्यावरील भार आणि हवेचा दाब यांवर ठरते. सुमारे ९५० किलोच्या पहिल्या एमएक्स-५ मध्ये दर चौरस इंचास २६ पौंड हवा भरली जाते. या हिशेबाने प्रत्येक टायर सुमारे १३० चौरस सेंटीमीटर, म्हणजे साधारण एका पोस्टकार्डाएवढाच रस्त्याला टेकतो. टायर रुंद केल्याने या तुकड्याचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसे नाही. उलट हलक्या मोटारीखाली अतिरुंद टायर पुरेसा तापत नाही आणि साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगू लागतो.

पुढील व मागील टायरमधील समतोल तर थेट सुरक्षिततेशी निगडित आहे. ब्रिटनच्या लोटस कंपनीच्या एलिस या मोटारीचे इंजिन आसनांच्या मागे असते. १९९६ पासून उत्पादन झालेल्या पहिल्या एलिसला पुढे १८५/५५ आर १५ आणि मागे २०५/५० आर १६ टायर होते. दुसऱ्या पिढीत पुढे १७५ व मागे २२५ मिलिमीटर रुंदी ठेवण्यात आली. मर्यादा ओलांडल्यास आधी पुढची चाके घसरावीत, हा त्यामागील हेतू. केवळ पुढचे टायर रुंद केल्यास स्टिअरिंग तीक्ष्ण होते, पण मोटारीचा मागचा भाग अचानक फिरण्याचा धोकाही वाढतो.

चिकट टायरची किंमत

पकड प्रामुख्याने रबराच्या मिश्रणातून येते. टायरवरील 'ट्रेडवेअर' हा आकडा झिजेचा निदर्शक असून तो पकडीचे माप नव्हे; मात्र कमी आकडा सहसा मऊ रबर सुचवतो. दोनशेच्या आसपासचे टायर रस्ता व ट्रॅक या दोहोंसाठी वापरले जातात. शंभर वा त्याहून कमी आकड्याचे सेमी-स्लिक टायर कोरड्या ट्रॅकवर उत्तम. परंतु खोबणी कमी असल्याने साचलेल्या पाण्यात ते धोकादायक ठरतात. थंडीत ते कडक राहतात आणि लवकर झिजतात. त्यांची मर्यादा उंच असली तरी ती ओलांडल्यावर सावरण्यास वेळ कमी मिळतो. २०१२ मध्ये आलेल्या टोयोटा जीटी ८६ ला कंपनीने मुद्दाम मध्यम पकडीचे, २१५ मिलिमीटर रुंदीचे टायर दिले होते. कमी वेगातही मोटारीचा तोल चालकाला जाणवावा, हा त्यामागील विचार होता.

टायरचे वयही तपासावे. बाजूवरील शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. '२४१९' म्हणजे २०१९ चा चोविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या मोटारीत टायर झिजण्याआधीच कडक होतो आणि खोबणी शाबूत असूनही पकड गमावतो.

सारांश, नेहमीच्या रस्त्यासाठी कंपनीचे मूळ माप कायम ठेवून उत्तम दर्जाचा उन्हाळी टायर घेणे, हा बहुतेकांसाठी शहाणपणाचा पर्याय होय. ट्रॅकची हौस असल्यास त्यासाठी चाकांचा वेगळा संच ठेवावा. चारही टायर एकाच जातीचे असावेत आणि हवेचा दाब टायर थंड असताना तपासावा.