नाणेघाटाची वाट आणि जुन्नरचे दाते

जुन्नरहून पश्चिमेस निघालेला रस्ता चावंडच्या पायथ्याने घाटघरला जातो आणि नाणेघाटाच्या माथ्यावर थांबतो. अंतर सुमारे 30 किलोमीटर. पुढे वाहन जात नाही. कातळात खोदलेली पायवाट कोकणात वैशाखऱ्याकडे उतरते. आजची वाहतूक माळशेज घाटाने होते. सातवाहन काळात मात्र सोपारा-कल्याणचा व्यापार याच वाटेने जुन्नरला व तेथून पैठणला पोहोचत असे. पैठण म्हणजे पालि वाङ्मयातील पतिट्ठान. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात बावरीचे शिष्य बुद्धदर्शनास उत्तरेकडे निघतात, तेव्हा त्यांच्या मार्गावरील पहिले नगर म्हणून ते येते.

घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. 1828 साली तो विल्यम साइक्स यांच्या नजरेस आला. अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण यांची त्यात गणती आहे. वैदिक यज्ञांचा हा गौरव संस्कृतात नसून प्राकृतात आहे, याकडे क्वचितच लक्ष वेधले जाते. शेजारी राजपरिवाराचे पुतळे होते. पुतळे नष्ट झाले, नावे उरली. घाटाचा इतिहास सांगणारे बहुधा येथेच थांबतात.

परंतु रस्ता वाहता ठेवला तो चालणाऱ्यांनी. त्याच घाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाचा एक लहानसा लेख आहे. त्याने पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिले. त्यासाठी योजलेला ‘देयधम’ हा शब्द पालितील ‘देय्यधम्म’च होय. चढ चढून आलेल्या वाटसरूला यज्ञाच्या दक्षिणेपेक्षा त्या टाक्याचे मोल अधिक वाटले असेल!

जुन्नरभोवतीच्या लेण्यांत हाच शब्द पुन:पुन्हा भेटतो. यवन इरिलाने दोन पोढी दिल्या; यवन चिटाने संघासाठी भोजनमंडप दिला. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व टाके खोदवले. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचाही उल्लेख आहे. सातवाहनांचा अंमल मागे सरून क्षहरात क्षत्रप आले, तरी दानाचा ओघ आटला नाही: नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष 46 मध्ये मानमोडी येथे मंडप व टाके दिले.

घाटाचा या दानांशी असलेला संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो लेण्याद्रीस. तेथील 6 क्रमांकाचे चैत्यगृह हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान आहे, आणि तो कल्याणचा. समुद्रकाठच्या नगरातील मनुष्याने सह्याद्रीपलीकडे चैत्य खोदवावा, एवढा निकटचा हा व्यवहार होता. शेजारचा 7 क्रमांकाचा विहार आज अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान म्हणून प्रसिद्ध आहे. दर्शनाला येणारे हजारो लोक पायऱ्या चढून त्यात जातात. बाजूच्या चैत्याच्या दर्शनी भागावर सुलसदत्ताची ती एक ओळ अजून आहे.