द्राक्षबागांच्या पाणंदींवरून: नाशिकच्या वाइन परिसरातील माउंटन बायकिंग

सिंगापूरच्या उत्तर टोकाला, सेम्बावांग येथे राहणाऱ्या सायकलस्वाराची तक्रार सोयींविषयी असू शकत नाही. काही किलोमीटरांवर मंडाई आहे. नाव ऐकून मराठी माणसाला भाजीबाजार आठवतो, पण तिथे आहे ते जंगल. त्यातील ‘ट्रॅक १५’ ही वाट राष्ट्रीय उद्यान मंडळाने माउंटन बाइकसाठी राखली आहे. पुलाव उबिन बेटावर २००८ पासून केताम हे खास उद्यान आहे. ठिकठिकाणी फलक आणि वाट किती अवघड आहे याच्या खुणाही आढळतात. उणीव आहे ती डोंगराची. या देशाचे सर्वोच्च ठिकाण बुकित तिमा, आणि त्याची उंची जेमतेम १६३ मीटर.

म्हणून डिसेंबर-जानेवारीत मायदेशी जाताना सायकल खोक्यात भरून न्यावी, असा विचार मनात येतो आणि पहिले नाव निघते ते नाशिकचे. डोंगर, थंडी, द्राक्षबागा आणि फेरी संपल्यावर वाइनचा पेला, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. चित्र खोटे नाही. मात्र त्यातील वाटा कोणाच्या आहेत, हे त्यात दिसत नाही.

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. नऊ टेकड्यांवर वसले म्हणून ‘नवशिख’ आणि त्यावरून नाशिक, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. पश्चिमेला त्र्यंबक-अंजनेरीची रांग बाराशे मीटरांच्या वर जाते, तर पूर्वेला निफाडकडे जमीन सपाट आणि काळी होत जाते. पाऊसही त्याच क्रमाने उतरतो. इगतपुरीत तो वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास असतो आणि निफाडमध्ये पाचशेच्या घरात येतो. सायकलस्वाराला या आकड्यांतून जमिनीचा पोत कळतो: पश्चिमेला मुरूम, खडक आणि चढ, पूर्वेला चाकाला लोण्यासारखी चिकटणारी काळी माती.

जिल्ह्यातील द्राक्षशेतीचा आरंभ १९२५ च्या सुमारास ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी केला, असे मानले जाते. ती खाण्याची द्राक्षे होती. महाराष्ट्रात वाइनचा आधुनिक प्रयत्न प्रथम गाजला तो नाशिकमध्ये नव्हे, तर पुणे जिल्ह्यातील नारायणगावी, १९८० च्या दशकात. नाशिकची पाळी नंतर आली. कॅलिफोर्नियात शिकून परतलेल्या राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले आणि गंगापूर धरणाच्या काठापासून दिंडोरी, विंचूर, सांजेगावपर्यंत वाइनरी उभ्या राहिल्या. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला आज भौगोलिक मानांकन आहे. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण ज्या बागांमधून जातो, त्यांतील बहुतेक बागा खाण्याच्या द्राक्षांच्या असतात. वाइनची द्राक्षे हा या शिवारातील लहान हिस्सा आहे.

वाइन आणि माउंटन बाइक यांचे नाते जुने आहे. हा खेळच मुळी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात, टॅमल्पाइस डोंगराच्या उतारांवर जन्माला आला. नापा आणि सोनोमाच्या द्राक्षबागा तेथून फार दूर नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील ‘केप एपिक’ ही २००४ पासूनची स्पर्धा स्टेलनबॉशच्या परिसरातील द्राक्षमळ्यांमधून जाते. परंतु तेथील मळे मोठे असतात. मालक एक, कुंपण एक, आणि परवानगी मागायची तीही एकाकडेच. नाशिकमध्ये दोन-चार एकरांची बाग हीच सामान्य गोष्ट आहे. पाच किलोमीटरांच्या वाटेवर पन्नास खातेदार भेटतात.

नाशिकला सायकलींचे वेड मात्र भरपूर आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. येथील सायकलस्वारांची पंढरपूर वारीही प्रसिद्ध आहे. पण ही सारी डांबरी रस्त्यावरची परंपरा. द्राक्षपट्ट्यात माउंटन बाइकसाठी आखलेले मार्गांचे जाळे नाही. जे आहे ते शेतकऱ्यांचे: पाणंदी, शिवरस्ते, गाडीवाटा आणि कालव्याच्या कडेचे मातीचे रस्ते.

पाणंद म्हणजे नेमके काय?

शहरात वाढलेल्या आपल्या पिढीला हा शब्द कवितेतून ठाऊक असतो. महसूल खात्याला तो नकाशातून ठाऊक आहे. गाव नकाशावर तुटक रेषांच्या जोडीने गाडीमार्ग दाखवतात (रुंदी साडेसोळा ते साडेएकवीस फूट) आणि एकेरी तुटक रेषेने पाऊलमार्ग (सव्वाआठ फूट). दोन गट क्रमांकांच्या बांधावरून वाट हवी असेल, तर शेतकरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करतो. असलेली वाट कोणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचे कलम ५ उपयोगी पडते. अशा दाव्यांत भाऊ भावासमोर उभा राहतो आणि खटले वर्षानुवर्षे चालतात. २०२१ मध्ये राज्याने शेत-पाणंद रस्त्यांसाठी ‘मातोश्री ग्रामसमृद्धी’ योजना आणली, ती हा प्रश्न किती जुना आणि किती चिघळलेला आहे हे ओळखूनच.

सायकलस्वाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की नकाशावर गाडीमार्ग म्हणून नोंदलेल्या पाणंदीवरून जाताना सहसा अडचण येत नाही. बांधावरची वाट मात्र अनेकदा एका विशिष्ट खातेदाराच्या हक्काची असते. ती पाहुण्याच्या हक्काची नसते. उपग्रहाच्या छायाचित्रात दोन्ही सारख्याच दिसतात. फरक पाहायचा असेल तर ‘महाभूनकाशा’ या शासकीय संकेतस्थळावर गाव नकाशा उघडावा. त्यानंतरही खरी परवानगी मिळते ती बांधावर उभ्या असलेल्या माणसाकडून.

दिंडोरी तालुक्यातील एका वाटेवर मला एका आजोबांनी अडवले होते. प्रश्न एकच: “कोणाकडं चालले?” मी कोणाकडेही चाललो नव्हतो, आणि हे उत्तर मला मराठीत नीट देता येईना. नुसता फिरतो आहे, असे म्हटल्यावर ते बराच वेळ सायकलीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “फिरा, पण हळू. धूळ उडती, माल निर्यातीचा आहे.” रस्त्याकडेच्या ओळींवर जुन्या साड्या बांधलेल्या मी आधी पाहिल्या होत्या. त्या ऊन आणि धूळ घडांवर बसू नये म्हणून असतात, हे तेव्हा उमगले.

द्राक्षाचे वर्ष आणि आपली सुट्टी

नाशिकमध्ये वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. उन्हाळ्यात एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. आणि पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यातून पीक येते. फळ एकदाच घेतात. समशीतोष्ण देशांत वेल थंडीत झोपी जाते आणि वसंतात जागी होते. येथे तिला कात्रीने जागे करावे लागते. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून गोडी छाटणीनंतर काड्यांना हायड्रोजन सायनामाईड लावतात. हे रसायन मद्याबरोबर शरीरात गंभीर प्रतिक्रिया घडवते. ते हाताळणाऱ्याने आधी आणि नंतर काही दिवस मद्य घेऊ नये, अशी सूचना त्याच्या वेष्टनावर असते. ताज्या छाटलेल्या ओल्या काड्यांना हात लावू नये आणि त्या बागेत सायकल घालू नये, एवढे पथ्य आपल्याला पुरेसे आहे. पेठ-सुरगाण्याहून मजुरीला येणाऱ्या आदिवासी बाया-बापड्यांना मात्र हे काम हातानेच करावे लागते, हातमोजे मिळोत वा न मिळोत.

त्यानंतरचे दोन महिने केवडा आणि भुरी या रोगांवरील फवारणीचे. ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू असेल तर वाऱ्याची दिशा पाहून थांबावे किंवा दुसरी वाट धरावी. डिसेंबरमध्ये घड भरू लागतात. जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालते, आणि हाच परदेशस्थांच्या सुट्टीचाही काळ. हवा उत्तम असते. मात्र पाणंदीवर क्रेट भरलेले पिकअप असतात आणि त्यांना वाट देणे आपले काम.

मार्गांविषयी थोडक्यात. प्रथमच जाणाऱ्याने गंगापूर धरणाचा परिसर निवडावा. गोवर्धन, सावरगाव, गंगावऱ्हे ही गावे, धरणाचे पाणी आणि हाकेच्या अंतरावर दोन-तीन वाइनरी. चढउतार सौम्य आणि वाटा मुरमाच्या. पायांत बळ असेल तर गिरणारेहून वाघेरा घाटाकडे किंवा धोंडेगावजवळच्या काश्यपी धरणाकडे वळावे. येथे द्राक्षे मागे पडतात, नागली आणि भाताची खाचरे लागतात, आणि खऱ्या अर्थाने माउंटन बाइकचे काम सुरू होते. माझ्या मते नाशिकचा सर्वांत सुंदर भाग हाच आहे, वाइनचा पेला येथे मिळत नसला तरी. दिंडोरीकडे रामशेज किल्ल्याच्या पायथ्याची वाट इतिहासप्रेमींना आवडेल. निफाडची सपाटी सायकलसाठी तितकी रंजक नाही, पण पक्षी पाहायचे असतील तर नांदूर मध्यमेश्वर आहे. २०२० मध्ये रामसर यादीत आलेले ते महाराष्ट्रातील पहिले पाणथळ स्थळ.

मुंबईहून सायकल वाहनातच आणावी. समृद्धी महामार्गावर सायकलींना मज्जाव आहे आणि कसारा घाटातील अवजड वाहतूक जिवावर बेतू शकते. टायर ट्यूबलेस असावेत, आत सीलंट भरलेले. बाभळीचे काटे आणि सराटे यांच्यापुढे साधी ट्यूब तासभरही टिकत नाही. छाटणीनंतर वाटेवर पडलेल्या काड्यांची टोकेही कमी तीक्ष्ण नसतात. जानेवारीत निफाडचे तापमान पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. अशा रात्री शेतकरी बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, म्हणून पहाटे वाटेवर धूर साचलेला असू शकतो. पहाटे न निघण्याचे आणखी सबळ कारण बिबट्या. निफाड-दिंडोरीच्या उसात त्याचा कायमचा मुक्काम आहे, आणि खाली वाकून सायकल चालवणारा माणूस त्याला माणसासारखा दिसेलच असे नाही. सूर्य वर आल्यावर निघावे आणि अंधारापूर्वी परतावे.

वाइन शेवटी, सायकल बाजूला ठेवून. नाशिकची शेनिन ब्लाँ हलकी आणि थंड प्यायची असते, उन्हातून आल्यावर ती विशेष रुचते. खाण्याची द्राक्षे घ्यायची असतील तर बागेच्या फाटकाशीच विचारावे. त्या आजोबांनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. निर्यातीत न बसलेले, मणी लहान राहिलेले दोन घड त्यांनी पिशवीत घातले आणि पुढच्या खेपेला येताना कोणाकडे चाललो ते सांगता यावे म्हणून आपले नाव सांगितले.