एका घासाचे दोन इतिहास

इ. स. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाच्या दरबारी खंबायतेहून एक नजराणा आला. मुकर्रबखान नावाच्या आपल्या सरदाराला बादशहाने गोव्याच्या बंदरी पाठविले होते आणि तेथे ज्या दुर्मिळ वस्तू दृष्टीस पडतील त्या फिरंगी मागतील त्या किमतीला विकत घ्याव्यात अशी आज्ञा दिली होती. खानाने आणलेल्या पशुपक्ष्यांत एक पक्षी असा होता की तो पाहून बादशहा थक्क झाला. आकाराने लांडोरीहून मोठा, पण मोरापेक्षा लहान. माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवून नाचणारा. आणि डोक्यावरची व गळ्याखालची लोंबती त्वचा क्षणात पोवळ्यासारखी लाल, क्षणात कापसासारखी पांढरी, तर क्षणात पिरोजासारखी निळी करणारा. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात या पक्ष्याचे बारकाईने वर्णन लिहिले आणि दरबारच्या चितार्‍यांना त्याचे चित्र काढावयास सांगितले. उस्ताद मन्सूर याचे म्हणून ओळखले जाणारे ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो पक्षी म्हणजे टर्की.

या पक्ष्याच्या मांसाचा खिमा करून, त्यात किसलेले सफरचंद किंवा सुकी आंबटगोड फळे आणि ताज्या सुवासिक वनस्पती मिसळून केलेले गोळे हा अमेरिकेतील घरगुती स्वयंपाकात आज सर्वपरिचित असा पदार्थ आहे. आपल्याकडील शब्दात सांगावयाचे तर हा टर्कीचा कोफ्ता होय. वरवर पाहता तो अगदी अलीकडचा, सोयीसाठी जन्मलेला पदार्थ वाटतो. तथापि त्याच्या एका घासात दोन प्राचीन परंपरा एकत्र आल्या आहेत. कुटलेल्या मांसात फळ आणि सुगंधी पाला घालण्याची परंपरा जुन्या जगाची. पक्षी मात्र सर्वस्वी नव्या जगाचा.

यांपैकी पहिली परंपरा किती जुनी आहे, हे पाहावयाचे तर रोमन पाकशास्त्राकडे वळावे लागते. एपिकियसच्या नावावर मोडणारा लॅटिन पाकग्रंथ सुमारे चौथ्या-पाचव्या शतकात सिद्ध झाला. त्यात खिम्याच्या गोळ्यांची चक्क प्रतवारी लावलेली आहे. मोराच्या मांसाचे गोळे सर्वांत श्रेष्ठ, त्याखालोखाल फेझंट पक्ष्याचे, मग सशाचे, मग कोंबडीचे आणि शेवटी डुकराच्या पिलाचे! पक्ष्याच्या मांसाचे गोळे ही आधुनिकांची कल्पना नव्हे, हे यावरून उघड होते. त्याच ग्रंथातील एका कृतीत मांसाबरोबर द्राक्षमद्यात भिजविलेला पाव आणि मिरी वाटून घ्यावयास सांगितले आहे. हवी असल्यास बिया काढलेली मर्टलची फळेही त्यात वाटावीत आणि गोळ्याच्या पोटात चिलगोज्याच्या जातीचे दाणे भरावेत, असे म्हटले आहे. दुसर्‍या एका कृतीत लहान गोळे, डुकराचे मांस, कोथिंबीर आणि निम्मे शिजत आल्यावर घातलेल्या सफरचंदाच्या फोडी यांचा मेळ आहे. फळ, पाला आणि खिमा ही त्रयी तेथे पूर्णपणे अवतरलेली दिसते.

मांस कुटण्याची कला काही एकट्या रोमची नव्हे. आपल्या सुश्रुतसंहितेत ‘वेसवार’ नावाच्या पदार्थाची व्याख्या आहे. हाडे काढलेले मांस वाफवून वाटावे आणि त्यात पिंपळी, मिरी, गूळ व तूप घालावे, असे तिचे स्वरूप आहे. मात्र आज भारतभर रूढ असलेला ‘कोफ्ता’ हा शब्द फारसी आहे. कुटणे, ठेचणे या अर्थाच्या ‘कूफ्तन’ या धातूपासून तो निघाला. म्हणजे या पदार्थाचे नाव त्याच्या आकारावरून पडलेले नाही. ते त्यामागच्या श्रमावरून पडलेले आहे. खिमा करण्याचे यंत्र येण्यापूर्वी खल आणि बत्ता यांच्याखाली दीर्घकाळ कुटल्यावाचून मांसाचा एकजीव लगदा होत नसे, याची आठवण त्या शब्दात जतन झाली आहे.

इराणी आणि अरबी पाककलेने या कुटलेल्या मांसाला फळांची जोड दिली. इ. स. १२२६ मध्ये बगदादच्या मुहम्मद बिन हसन याने लिहिलेल्या पाकग्रंथात सफरचंदाचे, सुक्या जर्दाळूचे, डाळिंबाचे आणि नारिंगाचे असे मांसपदार्थ फळांच्याच नावांनी नोंदलेले आहेत. पुदिना, धने, दालचिनी आणि बदाम हे त्यांचे सोबती. पुढे १३९० च्या सुमारास इंग्लंडच्या दुसर्‍या रिचर्डच्या मुदपाकखान्यात सिद्ध झालेल्या ग्रंथात मांसाचे गोळे भाजताना वरून अंड्याचा लेप देऊन त्यांना ‘सोनेरी सफरचंदे’ बनविण्याची कृती आढळते. फळ पोटात घालणे आणि मांसाला फळाचे रूप देणे, असे दोन्ही खेळ मध्ययुगीन बल्लवांना अवगत होते. इराणातील तब्रीज शहराचा कोफ्ता आजही या कलेचा मुकुटमणी समजला जातो. मांस, तांदूळ, डाळ आणि सुवासिक पाला यांच्या मोठ्या गोळ्याच्या गर्भात आलुबुखार, अक्रोड, तळलेला कांदा आणि झरिष्काची आंबट फळे दडविलेली असतात. गोळा फोडल्यावाचून त्याची श्रीमंती कळत नाही.

हाच पदार्थ पूर्वेकडे भारतात आला, तसा पश्चिमेकडे स्पेनमध्येही गेला. तेथील अरबी राजवटीत त्याला ‘अल् बुंदुका’ म्हणत. बुंदुक म्हणजे हेझलनटचे फळ आणि त्यावरून कोणतीही लहान वाटोळी गोळी. स्पॅनिश भाषेतील ‘आल्बोंदिगा’ आणि पोर्तुगीज भाषेतील ‘आल्मोंदेगा’ हे खिम्याच्या गोळ्याचे शब्द यातूनच आले. मराठी श्रोत्याला गंमत वाटेल ती अशी की, आपली ‘बंदूक’ हीदेखील त्याच अरबी शब्दाची लेक आहे. एक गोळी ताटात पडली, दुसरी नळीत गेली. मूळ मात्र एकच.

आता दुसरा इतिहास. टर्की हा मूळचा उत्तर अमेरिका खंडाचा पक्षी. मेक्सिकोतील लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच त्याला माणसाळविले होते, आणि आजच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागातील प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनीही तो स्वतंत्रपणे पाळला होता. त्याची पिसे वस्त्रांसाठी, मांस अन्नासाठी आणि प्रसंगी तो पक्षीच देवकार्यासाठी उपयोगात येई. अझ्टेक लोकांची नाहुआत्ल भाषा या पक्ष्याच्या नराला ‘वेशोलोत्ल’ म्हणे. बेर्नार्दिनो द साहागुन या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने सोळाव्या शतकात त्या लोकांकडूनच त्यांच्या जीवनाची जी विस्तृत माहिती टिपून घेतली, तीत मक्याच्या पिठात टर्कीचे मांस घालून केलेल्या खाद्यपदार्थांचाही उल्लेख आहे. १५१९ मध्ये एर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनार्‍यावर उतरला. १५२१ मध्ये अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. साम्राज्य बुडाले, देवळे जमीनदोस्त झाली, देवीच्या साथीने आणि इतर रोगांनी असंख्य माणसे मेली. पण त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला पक्षी विजेत्यांच्या गलबतांतून समुद्रापार गेला.

युरोपात त्याचा प्रसार विलक्षण वेगाने झाला. १५४१ मध्ये इंग्लंडच्या धर्मपीठाने धर्माधिकार्‍यांच्या भोजनातील डामडौलावर निर्बंध घातले, तेव्हा एका ताटात एकच वाढावयाच्या मोठ्या पक्ष्यांत क्रौंच आणि हंस यांच्याबरोबर टर्कीचेही नाव आले. पोपच्या सेवेत असलेल्या बार्तोलोमेओ स्काप्पी या इटालियन बल्लवाचार्याच्या १५७० च्या बृहद्ग्रंथात टर्की शिजविण्याची कृती आहे, आणि त्याच ग्रंथात खिम्याच्या गोळ्यांचेही प्रकार आहेत. दोन्ही परंपरा एका पुस्तकाच्या पुठ्ठ्यांत शेजारी येऊन बसल्या, त्या अशा.

परंतु या प्रवासात पक्ष्याचे नाव मात्र हरवले. तुर्की व्यापार्‍यांमार्फत येणार्‍या गिनी कोंबडीशी गल्लत झाल्यामुळे इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले. खुद्द तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात. कोलंबसाने अमेरिकेलाच इंडीज मानले असल्यामुळे फ्रेंचांनी त्याला हिंदुस्थानचा कोंबडा ठरविले आणि ‘दँद’ हा त्यांचा आजचा शब्द तयार झाला. डचांचा ‘काल्कून’ हा आपल्या कालिकत बंदरावरून आला. पोर्तुगीजांनी त्याला दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचे नाव दिले, आणि गोव्यात तो त्याच नावाने पोचला. मराठीत ‘पेरू’ म्हणजे फळ; त्या शब्दाचा उगम कोणी पेरू देशात शोधतात, तर कोणी नासपतीच्या ‘पेरा’ या पोर्तुगीज नावात. अशा रीतीने गोव्यातील ख्रिस्ती घरांच्या नाताळच्या मेजवानीत एक पेरू पिसांचा आणि दुसरा बियांचा, असे दोन्ही येऊ शकतात! फार काय, १७५८ मध्ये लिनीयसने शास्त्रीय नाव दिले, त्यातही ‘मेलेआग्रिस’ हा ग्रीक शब्द गिनी कोंबडीचाच आहे. तुर्कस्तान, हिंदुस्थान, कालिकत, पेरू अशा चार ठिकाणांना या पक्ष्याचे श्रेय मिळाले. ज्यांनी तो माणसाळविला, त्यांचे नाव यांपैकी एकातही नाही.

उत्तर अमेरिकेत युरोपीय वसाहतकार स्थिरावले, तेव्हा तेथील आदिवासींना मांस आणि फळ यांची जोडी अपरिचित नव्हती. गवा किंवा हरीण यांचे मांस वाळवून कुटावयाचे, त्यात वितळलेली चरबी आणि रानबोरांसारखी लहान फळे मिसळावयाची आणि तो ‘पेमिकन’ महिनोन्‌महिने शिदोरी म्हणून वापरावयाचा, ही त्यांची रीत. रोम आणि बगदाद यांचे नावही न ऐकलेल्या माणसांनी तोच मेळ स्वतंत्रपणे शोधून काढला होता. १७९६ मध्ये अमीलिया सिमन्स हिने ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात टर्कीच्या पोटात पाव, अंडी, चरबी, थाइम आणि मार्जोरम यांचे सारण भरावे आणि भाजलेल्या पक्ष्याबरोबर क्रॅनबेरीची आंबट चटणी वाढावी, असे सांगितले आहे. १८६३ मध्ये, यादवी युद्धाच्या ऐन धुमाळीत, अध्यक्ष लिंकन यांनी कृतज्ञतादिन राष्ट्रीय पातळीवर साजरा करण्याचे जाहीर केले आणि त्या दिवसाच्या ताटात टर्कीचे स्थान कायम झाले.

आजचा टर्कीचा कोफ्ता म्हणजे त्याच मेजवानीचा संक्षेप होय. पूर्वी पाव आणि सुवासिक पाला पक्ष्याच्या पोटात असे, फळ बाजूच्या वाटीत असे. आता ही सर्व मंडळी एका गोळ्यात नांदतात. यामागे केवळ सोय नाही, कारणही आहे. टर्कीच्या मांसात, विशेषतः छातीच्या भागात, चरबी फार थोडी असते. म्हणून नुसत्या खिम्याचे गोळे कोरडे आणि चिवट होतात. अर्धा किलो खिम्याला एक मध्यम आंबटगोड सफरचंद किसून, एक लहान कांदा बारीक चिरून आणि दुधात भिजविलेला मूठभर पावाचा चुरा व एक अंडे घातले, की ही उणीव भरून निघते. फळाचा रस ओलावा देतो, पाव तो धरून ठेवतो, अंडे सर्वांना बांधते. फळातील साखरेमुळे वरचा पापुद्रा खरपूस तांबूस होतो आणि आंबटपणामुळे सौम्य मांसाला चव येते. सेज, थाइम, पार्सली यांचा पाला सुगंध देतो. तो न मिळाल्यास पुदिना आणि कोथिंबीर यांनीही काम भागते. मिश्रण हलक्या हाताने कालवावे, फार मळू नये. मळल्याने गोळे घट्ट होतात. पक्ष्याचे मांस कच्चे राहणे धोक्याचे असल्यामुळे गोळ्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोचली पाहिजे.

कोणत्याही पदार्थाविषयी ‘हा आमचा’ आणि ‘तो परका’ असा वाद मांडणे सोपे असते. या एका गोळ्याची वाटणी करावयास बसले, तर पाव आणि सफरचंद रोमच्या वाट्याला, शब्द इराणच्या, आकार अरबांच्या, पाला युरोपच्या आणि पक्षी मेक्सिकोच्या वाट्याला जाईल. खाणार्‍याच्या ताटात काहीच उरणार नाही. तेव्हा वाटणी नको, हेच बरे. परंतु वाटणी नको म्हणजे ऋणही नको, असे मात्र नव्हे. अन्न सर्वांचे होते, ते कोणीतरी प्रथम ते पेरले, पाळले किंवा कुटले म्हणून. मेक्सिकोतील सामान्य माणूस आजही स्पॅनिश बोलताना या पक्ष्याला ‘ग्वाहोलोते’ म्हणतो. तो ‘वेशोलोत्ल’ याच जुन्या शब्दाचा अवशेष आहे. साम्राज्य गेले, राजधानी गेली, पण ज्या लोकांनी हा पक्षी जगाला दिला त्यांच्या तोंडी त्याचे मूळ नाव पाचशे वर्षे टिकून राहिले. जगाने त्याला कोणत्याही देशाचे नाव दिले असो, त्याच्या घरी तो आपल्या नावानेच ओळखला जातो.