‘सावकारी पाश’ (१९२५) : एका अनुपलब्ध मूकपटाचा इतिहास

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. तो आज उपलब्ध नाही. तरीही भारतीय चित्रपटाच्या इतिहासांत आद्य वास्तववादी चित्रपट असे त्याचे वर्णन वारंवार येते आणि अभ्यासक ते निःशंकपणे पुढे चालवितात. न पाहिलेल्या कलाकृतीविषयी इतक्या खात्रीने बोलण्याचा अधिकार कोठून येतो, हा प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

प्रथम निश्चित माहिती. बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ पेंटर (१८९०–१९५४) हे मूळचे नाटकांचे पडदे रंगविणारे कलावंत. आनंदराव पेंटर यांच्याबरोबर त्यांनी स्वतः कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला होता. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले; अपुरे काम बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने तडीस नेले. ‘सैरंध्री’ (१९२०) आणि ‘सिंहगड’ (१९२३) यांसारख्या पौराणिक व ऐतिहासिक पटांवर कंपनीचा लौकिक उभा राहिला. ‘सावकारी पाश’ने ही चाकोरी सोडली. त्याच्या कथेचे श्रेय हरी नारायण आपटे यांना दिले जाते. (ज्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून १९३७ साली ‘कुंकू’ निघाला ते नारायण हरी आपटे निराळे, चित्रपटसूची वाचताना या उलटसुलट नावांबाबत सावध असावे.) लोभी सावकार खोट्या दस्तऐवजाच्या बळावर शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो शेतकरी शहरात जाऊन गिरणीमजूर होतो, हे कथासूत्र. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती, सावकाराची झुंजारराव पवार यांनी.

यापुढे मात्र जमीन निसरडी आहे. बाबूरावांनी १९३६ मध्ये हाच विषय याच नावाने बोलपटरूपात पुन्हा हाताळला. या चित्रपटाच्या वास्तवतेचा पुरावा म्हणून एक दृश्य नेहमी सांगितले जाते : अंधूक प्रकाशातील एक उदास झोपडी आणि दूरवरून येणारे कुत्र्याचे विव्हळणे. ही आठवण जे. बी. एच. वाडिया यांची. पण मूकपटात कुत्रा विव्हळणार कसा? वाडियांनी स्वतः ही आठवण बोलपटासंबंधीच सांगितली आहे. मूकपट आपणास पुसटच आठवतो, अशीही कबुली त्यांनी दिली आहे. पुढील लेखकांनी मात्र ते दृश्य अकरा वर्षे मागे नेऊन १९२५ च्या पटाला चिकटविले. एका चित्रपटाची कीर्ती दुसऱ्याच्या स्मृतीवर पोसली गेल्याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. ‘दो बिघा जमीन’ (१९५३) पाहिलेल्या पिढीने आपल्या डोळ्यांतील वास्तववादही असाच मागे नेला असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तेव्हा ‘वास्तववाद’ हा शब्द क्षणभर बाजूस ठेवून कथासूत्रातील एकाच वस्तूकडे पाहावे : तो खोटा दस्तऐवज. दख्खनच्या कुणब्याला सावकाराचे भय होते ते मुख्यतः कागदाच्या रूपाने. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि तो लगतच्या गावांत पसरला, तेव्हा जमावाचा रोख सावकारांच्या प्राणांपेक्षा त्यांच्या दप्तरांवर होता. खते व रोखे हिसकावून जाळण्यात आले. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यानेही कागदालाच हात घातला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावेत आणि न्यायालयाने रोख्यावरील आकड्यावर न थांबता देण्याघेण्याचा मागील हिशेब तपासावा, अशी त्याची रचना होती. हा कायदा ब्रिटिश मुलखातला. कोल्हापूर संस्थान त्याच्या कक्षेबाहेर होते. पण ज्या प्रेक्षकांसमोर हा पट जावयाचा होता, त्यांतील पुष्कळांच्या घरी या कागदाचा इतिहास सांगितला जात असणार.

पटाला ‘इंडियन शायलॉक’ असे इंग्रजी नाव देण्यात आले होते. हे नाव दिशाभूल करणारे आहे. शेक्सपिअरच्या नाटकात रोखा खरा असतो आणि त्याचे अक्षर न् अक्षर काटेकोरपणे वाचूनच सावकाराचा पराभव होतो. येथे रोखाच खोटा, आणि तो उघडा पाडणारे न्यायाचे नाट्य कथासूत्रात आढळत नाही. शेतकरी गाव सोडतो. शिवाय मूकपटगृहात पडद्यावरील पाट्या निरक्षर प्रेक्षकांसाठी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवीत असे. ज्याला स्वतःचा रोखा वाचता येत नाही अशा माणसाची ही कथा, ज्यांना पाटी वाचता येत नाही अशांपैकी अनेकांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली असेल. हा योग केवळ मूकपटातच संभवतो. १९३६ च्या बोलपटाला तो साधणे शक्य नव्हते.

चित्रपट चालला नाही. लोकांना स्वतःचे दुःख पडद्यावर नको होते, हे रूढ स्पष्टीकरण पुरेसे वाटत नाही. कीर्तनात आणि तमाशाच्या वगात सावकार त्यांनी पाहिलाच होता. देवादिकांच्या चमत्कारांसाठी पैसे मोजण्याची सवय लागलेल्या प्रेक्षकाला या नव्या करमणुकीकडून दुसरेच काही अपेक्षित होते, एवढेच फार तर म्हणता येईल. बाबूराव पुन्हा पुराणकथांकडे वळले.

नायट्रेटची फीत पेट घेते, कुजते, आणि तिच्यातील चांदीसाठी वितळविलीही जाते. भारतात निघालेल्या सुमारे १३०० मूकपटांपैकी फारच थोडे उरले आहेत. बाबूरावांच्या १९२७ मधील ‘मुरलीवाला’ व ‘सती सावित्री’ यांचे काही भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे (स्थापना १९६४) पाहावयास मिळतात. त्यांवरून त्यांच्या चित्रचौकटीची कल्पना येते, पण या ग्रामीण कथेची नव्हे. अमेरिकेतील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ मुलखातील दरिद्री जीवनावर कार्ल ब्राऊन यांनी ‘स्टार्क लव्ह’ (१९२७) हा मूकपट तेथीलच रहिवाशांना घेऊन केला. तो नाहीसा झाला असे मानले जात होते. पुढे त्याची प्रत प्रागच्या संग्रहालयात मिळाली, आणि ऐकीव स्तुती प्रत्यक्षाशी ताडून पाहता आली. ‘बिल्वमंगल’चा (१९१९) उरलेला भागही २०१६ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयाकडूनच भारतात परतला. या दोन्ही प्रती परदेशात टिकल्या होत्या.

‘सावकारी पाश’ची प्रत मिळेतोवर समकालीन कागद हेच साधन. मुंबईत १९२० पासून सेन्सॉर मंडळ होते; तेथे दाखवावयाचा पट त्याच्यापुढे ठेवावा लागे. त्या काळच्या वृत्तपत्रांतील जाहिराती आणि चित्रपटगृहांत वाटली जाणारी कथासाराची पत्रके यांचा शोध कोल्हापुरातील जुन्या घरांत, छापखान्यांत व ग्रंथालयांत पद्धतशीरपणे घेता येईल. अशा कागदांत १९२५ आणि १९३६ ही दोन साले वेगळी ठेवून नोंदी करणे हे पहिले काम आहे.