मासा नाही, गळ नाही, तरी स्पर्धा! इंग्लंडच्या जत्रेतला ‘फ्लाय कास्टिंग’चा खेळ नेमका काय आहे?

मोबाईलवर कधी कधी असा व्हिडिओ येतो. हिरव्या मैदानावर एक माणूस उभा आहे. हातात लांब लवचीक काठी, काठीला पिवळी नाहीतर नारिंगी दोरी. ती दोरी तो डोक्यावरून मागे-पुढे खेळवतो आणि शेवटी पुढं सोडून देतो. गवतावर मोजायची फीत अंथरलेली असते, बाजूला पंच उभा असतो. ना तळं, ना मासा. तरी लोक टाळ्या वाजवतात.

हा प्रकार म्हणजे फ्लाय कास्टिंगची लांब फेकीची स्पर्धा. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडच्या ग्रामीण जत्रांमध्ये ती भरते. आपल्या जत्रेत जशी कुस्ती आणि बैलगाडा शर्यत, तसा तिकडचा हा एक खेळ. दिसायला सोपा, पण त्यात नुसत्या दंडाच्या जोराला किंमत नाही. आणि निकाल मोजायची त्यांची पद्धत आपल्या जत्रा कमिट्यांनी बघण्यासारखी आहे. म्हणून ही सविस्तर माहिती.

फ्लाय कास्टिंग म्हणजे काय?

‘फ्लाय’ म्हणजे माशी. थंड पाण्याच्या नद्यांमध्ये ट्राउट नावाचा मासा असतो. तो पाण्यावर बसणाऱ्या माश्या-किडे खातो. त्याला पकडायला गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी तयार करतात. अडचण अशी की ही माशी पिसासारखी हलकी. ती फेकायची कशी?

आपण नदीवर गळ टाकतो तेव्हा तंगुसाला शिशाचा तुकडा बांधतो. शिसं पुढं जातं आणि तंगूस ओढून नेतं. गोफणीतही तेच, वजन दगडाचं असतं. फ्लाय कास्टिंगमध्ये उलटं आहे. इथं वजन दोरीलाच असतं. जाड, प्लॅस्टिकचा लेप दिलेली दोरी फेकायची आणि तिच्या टोकाला तंगुसावर बांधलेली माशी मागोमाग जाते. म्हणजे हा खेळ गोफणीपेक्षा आसुडाच्या जास्त जवळचा. आसूड ज्याने ओढलाय त्याला ही गोष्ट लगेच कळेल.

ही जत्रा कुठली?

यातली सगळ्यात नावाजलेली जत्रा म्हणजे इंग्लंडमधला ‘गेम फेअर’. इथं ‘गेम’ म्हणजे खेळ नव्हे, तर शिकारीचे पशुपक्षी. पहिला गेम फेअर १९५८ साली न्यूमार्केट गावाजवळ स्टेचवर्थ इथं भरला. जमीनमालकांच्या संघटनेने तो सुरू केला आणि २०१५ पर्यंत चालवला. त्यानंतर तो वेगळ्या कंपनीकडे गेला. जुलैच्या शेवटी तीन दिवस, कुठल्या तरी मोठ्या जुन्या वाड्याच्या आवारात तो भरतो. शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धा, ससाण्यांचे खेळ, नेमबाजी, शेतीची अवजारं, खाण्यापिण्याची दुकानं आणि त्यातच मासेमारीचा विभाग. स्कॉटलंडमध्ये स्कोन पॅलेसच्या आवारातही असाच गेम फेअर भरतो.

मासेमारीच्या विभागात तळं असलं तर काठावर फळ्यांचा मंच करतात. तळं नसलं तरी अडत नाही, कापलेल्या गवतावरही स्पर्धा होते.

मैदान आणि मोजमाप

बारीकसारीक नियम जत्रेनुसार बदलतात, पण साधारण पद्धत अशी:

• स्पर्धकाने आखलेल्या रेषेमागे किंवा ठरलेल्या मंचावर उभं राहायचं.
• समोर सरळ फीत अंथरलेली असते. पाण्यावर असेल तर ठरावीक अंतरावर तरंगत्या खुणा लावतात.
• प्रत्येकाला ठरावीक मिनिटं किंवा ठरावीक फेकी मिळतात. त्यातली सगळ्यात लांबची फेक धरतात.
• मोजमाप दोरीच्या टोकाला बांधलेली माशी जिथं पडली तिथपर्यंत. दोरी मध्येच गोळा होऊन पडली तर तेवढं अंतर वाया.
• माशी आखलेल्या पट्ट्याच्या बाहेर पडली तर फेक धरत नाहीत.
• गळाचं टोक मोडलेलं असतं, नाहीतर गळाऐवजी लोकरीचा छोटा तुकडा बांधतात.

सगळ्यात महत्त्वाची बाब म्हणजे साहित्य. पुष्कळ स्पर्धांमध्ये काठीची लांबी आणि दोरीचं वजन ठरवून दिलेलं असतं. काही ठिकाणी आयोजकच एक काठी आणि एक दोरी ठेवतात, सगळ्यांनी तीच वापरायची. मग महागडी काठी आणणारा आणि रिकाम्या हाताने आलेला, दोघं एकाच पातळीवर.

काठी आणि दोरी

ट्राउटची नेहमीची काठी ९ फुटांची, म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर. आजकाल ती कार्बनची असते. दोरीला वजनाप्रमाणे नंबर असतो. ५ नंबरच्या दोरीच्या पुढच्या ३० फुटांचं वजन सुमारे ९ ग्रॅम. दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं, त्यावरून अंदाज घ्या. एवढ्याशा वजनावर हा सगळा खेळ.

सामन्य दोरीची पूर्ण लांबी बहुधा ९० फूट, म्हणजे २७ मीटर असते. क्रिकेटची खेळपट्टी २० मीटरची, म्हणजे तिच्याही पुढं सात मीटर. नवा शिकणारा दहा-बारा मीटरवर अडकतो. पूर्ण दोरी बाहेर काढणं ही हौशी माणसाची परीक्षा. स्पर्धेतले कसलेले लोक लांब दोऱ्या वापरून ३५ मीटरच्याही पुढं जातात.

दुसरा प्रकार दोन्ही हातांनी धरायच्या मोठ्या काठीचा. ती १५ फुटांच्या आसपास असते आणि सामन नावाच्या मोठ्या माशासाठी वापरतात. स्कॉटलंडच्या स्पे नदीवरून या पद्धतीला ‘स्पे कास्टिंग’ म्हणतात. नदीकाठी झाडी असली की दोरी मागे न्यायला जागा नसते. म्हणून दोरी पाण्यावर टेकवून, वळसा देऊन पुढं फेकायची युक्ती निघाली. यात ५० मीटरपुढची फेकही होते.

दोरी लांब जाते कशी?

इथंच खरी गंमत आहे. पहिल्यांदा काठी हातात घेणारा सगळा जोर लावतो आणि दोरी त्याच्याच पायाशी येऊन पडते. कारण कळायला पाच गोष्टी ध्यानात घ्या.

१. मागची फेक आधी. दोरी मागे पूर्ण सरळ झाल्याशिवाय पुढं ओढायची नाही. दोरी जेवढी लांब, तेवढं जास्त थांबायचं. घाई केली की आसुडासारखा फटका वाजतो आणि टोकाची माशी तुटून जाते. म्हणून बरेच स्पर्धक मान वळवून मागे बघतात.

२. काठी एकदम थांबवायची. हात हळूहळू वेग घेत जातो, काठी धनुष्यासारखी वाकते आणि मग झटक्यात थांबते. त्या थांबण्यातून वेग दोरीत उतरतो.

३. काठीचं टोक सरळ रेषेत फिरवायचं. असं केलं की दोरीचा फास अरुंद राहतो आणि वारा कापत जातो. टोक गोल फिरवलं की फास मोठा होतो, हवेचा अडथळा वाढतो आणि अंतर घटतं.

४. दुसऱ्या हाताची ओढ. उजव्या हातात काठी असली तर डाव्या हातात दोरी असते. मागे नेताना एकदा आणि पुढं फेकताना एकदा दोरी खाली ओढायची. त्याने दोरीचा वेग वाढतो. याला ‘डबल हॉल’ म्हणतात. लांब फेकीत याच्याशिवाय चालत नाही.

५. सोडायची वेळ. काठी थांबली की लगेच डाव्या हातातली दोरी मोकळी करायची. आधी सोडली तर जोर जातो, उशीर झाला तर दोरी अडते.

वाऱ्याचाही हिशोब असतो. पाठीमागून वारा असेल तर पुढची फेक थोडी उंच सोडायची, म्हणजे वारा तिला घेऊन जातो. पण तोच वारा मागच्या फेकीला अडवतो, म्हणून ती जोरकस आणि अरुंद ठेवावी लागते.

ताकदीपेक्षा वेळ साधणं मोठं

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेच्या जोन वुल्फ यांचं. त्यांचा जन्म १९२६ चा. वडिलांकडून त्या लहानपणी हा खेळ शिकल्या. १९५१ मध्ये त्यांनी लांब फेकीची एक राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तेव्हा समोरचे सगळे स्पर्धक पुरुष होते. १९६० मध्ये त्यांची एक फेक १६१ फूट, म्हणजे ४९ मीटर गेली. क्रिकेटच्या जवळजवळ अडीच खेळपट्ट्या! पुढं १९७९ मध्ये त्यांनी पती ली वुल्फ यांच्यासोबत न्यूयॉर्क राज्यात हा खेळ शिकवणारी शाळा काढली.

अमेरिकेत हा खेळ जुना आहे. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळीही फेकीच्या स्पर्धा झाल्या होत्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये तर फक्त फेकीच्या सरावासाठी बांधलेले हौद आहेत, त्यात मासेमारी नाही. आंतरराष्ट्रीय कास्टिंग महासंघ १९५५ पासून आहे. त्यांच्या लांब फेकीत एका हाताच्या दोरीला ३८ ग्रॅम आणि दोन हातांच्या दोरीला १२० ग्रॅमची मर्यादा आहे.

आपल्याशी काय नातं?

नातं दोन वस्तूंचं आहे. कार्बन यायच्या आधी या काठ्या बांबूच्या असत. बांबू उभा चिरून, त्याच्या सहा पट्ट्या एकमेकींना चिकटवून काठी बनवत. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी कलकत्त्याहून जाणारा बांबू वापरत. नंतर चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली.

दुसरी वस्तू म्हणजे रानकोंबड्याची पिसं. आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवर मेणाच्या थेंबासारखे चकचकीत ठिपके असलेली पिसं असतात. सामनच्या खोट्या माशीला ती फार लागत. आता हा पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला मारणं किंवा त्याची पिसं विकणं हा गुन्हा आहे. तिकडचे कारागीर आता पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. कुणी पिसांसाठी पैसे देऊ केले तर भुलू नका.

सुरक्षितता

• चष्मा आणि टोपी हवीच. वेगात येणारा साधा गाठीचा तंगूसही डोळा फोडू शकतो.
• मागची जागा मोकळी पाहिजे. प्रेक्षक बाजूला आणि लांब, मागे कुणीच नको.
• विजेच्या तारा! कार्बनमधून वीज वाहते. इंग्लंडमध्ये तारांपासून ३० मीटरच्या आत मासेमारी करू नका असं सांगतात. आपल्याकडे शेतावरून तारा लोंबकळतात. कार्बनची काठी असो, लोखंडी पाइप असो की ओला बांबू, तारेखाली उभा धरू नका.

जत्रा कमिट्यांनी घेण्यासारखं

हा खेळ आपल्याकडे आणा असं म्हणणं नाही. गोफण, भालाफेक, गोळाफेक असे फेकीचे खेळ आपल्याकडे आहेतच. पण जत्रेतल्या स्पर्धेत बक्षिसापेक्षा निकालावरून जास्त बोललं जातं. कुणी म्हणतं रेषा ओलांडली, कुणी म्हणतं पंच त्यांच्याच भावकीतला. एकदा शंका आली की पुढच्या वर्षी चांगली पोरं उतरत नाहीत आणि गावागावात मन दुखतं ते वेगळंच.

त्यावर तीन साध्या गोष्टी घेता येतील. फीत सगळ्यांसमोर अंथरायची आणि स्पर्धा संपेपर्यंत उचलायची नाही. साहित्य सगळ्यांना एकच द्यायचं. आणि नियम आधी फळ्यावर लिहून लावायचे, किती फेकी, कुठून कुठपर्यंत मोजणार, कधी बाद. याला खर्च फितीचा आणि खडूचा. हरलेल्याला स्वतःच्या डोळ्याने अंतर दिसलं, की तोही जिंकलेल्याच्या पाठीवर थाप मारून घरी जातो.