सायनसशोथ, जीर्ण : प्रतिजैविकोपचार

नाकालगतच्या हाडांतील पोकळ्यांचा (→ नासाकोटरे) 12 आठवड्यांहून अधिक टिकणारा दाह. त्यावर प्रतिजैविके तोंडावाटे किंवा थेट नाकातून देतात.

 

तोंडावाटे ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक आम्ल, डॉक्सिसायक्लिन किंवा अल्प मात्रेत दीर्घकाळ मॅक्रोलाइड देतात. औषध रक्तातून सर्व शरीरात पोहोचते. त्यामुळे जुलाब होतात व जंतूंचा प्रतिरोध वाढतो (→ प्रतिजैविकरोध). मॅक्रोलाइडमुळे हृदयाची लय बिघडू शकते. स्थानिक पद्धतीत म्युपिरोसिन मिठाच्या पाण्यात मिसळून नाक धुतात. मात्रा दाहाच्या जागीच मोठी पडते, रक्तात फारशी जात नाही. मात्र सायनसची तोंडे बुजलेली असल्यास पाणी आत शिरत नाही. म्हणून हा उपाय मुख्यतः दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर, स्टॅफिलोकॉकस ऑरियस जंतू आढळल्यास योजतात.

कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या 2016 च्या आढाव्यात तोंडावाटे उपचाराला तुटपुंजा पुरावा आढळला. स्थानिक उपचाराची निकषांत बसणारी एकही चाचणी मिळाली नाही. दाह बहुधा केवळ जंतूंमुळे नसतो, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. मूळ उपचार स्टेरॉइडचा नाकातील फवारा व मिठाच्या पाण्याने नाक धुणे (→ जलनेती) हाच आहे. विहिरीचे वा बोअरचे पाणी त्यासाठी उकळून, गार करूनच घ्यावे. डोळ्याभोवती सूज, अंधूक दिसणे किंवा तीव्र डोकेदुखी असल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.